सहा फुटी काठीची नोकरी

प्रिय बाळा,

अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालास की पदवीनंतर प्रीमियर लॅक्रोस लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, उतरायचे आहे, आणि मी उत्तर देण्याऐवजी बाल्टिमोरच्या पावसाविषयी बोलत राहिलो. ते तुला लागले, असे आईने सांगितले. बोलताना मला नेमके शब्द सापडत नाहीत, म्हणून लिहितो आहे.

जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा, फेकायचा आणि गोल करायचा, हा तुझा खेळ समजायला मला फार वेळ लागला. सुरुवातीची दोन वर्षे मी केवळ चेंडू पाहत असे, आणि तू बहुतेक वेळा चेंडूपासून दूर असायचास. मग प्रेक्षकांत शेजारी बसलेल्या एका पालकाने सांगितले की बचावपटूचे पाय पाहा. त्या दिवशी गोलच्या मागून, तुम्ही ज्या जागेला ‘एक्स’ म्हणता तिथून, त्यांचा आक्रमक वळसा घालून येत होता. तू काठी उगारली नाहीस, फक्त अंग असे ठेवलेस की त्याला डाव्या, म्हणजे त्याच्या कमकुवत हाताकडेच जावे लागले, आणि तेवढ्यात तुझा जोडीदार ‘स्लाइड’ करून, म्हणजे आपली जागा सोडून मदतीला, पुढे आला. त्या आक्रमकाने मुकाट्याने चेंडू मागे दिला. खाली पडलेला चेंडू उचललास किंवा काठीने हिसकावलास तर आकडेवारीत नोंद होते. तुझ्यामुळे त्याला न मारता आलेल्या फटक्याची नोंद कुठेच होत नाही. शाळेत मी कबड्डीत कोपरा सांभाळत असे, आणि आमच्याकडे पकडीला निदान गुण तरी मिळत असे. तुमच्या खेळाला एवढा न्याय सुचलेला नाही.

डेव्ह पिएत्रामालाचे नाव तू नेहमी घेतोस. लीगमधील सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार त्याच्या नावाने दिला जातो, हेही तूच मला सांगितलेस. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाकडून तो 1987 साली राष्ट्रीय विजेत्या संघात होता आणि 1989 साली बचावपटू असूनही देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू ठरला. परंतु मैदानी लॅक्रोसची टिकून राहिलेली पहिली व्यावसायिक लीग 2001 साली सुरू झाली, म्हणजे ऐन उमेदीच्या वर्षांत त्याच्यापुढे असा व्यवसायच नव्हता. त्याने पोट भरले ते शिकवून. 2005 आणि 2007 ची विजेतेपदे हॉपकिन्सने त्याच्याच प्रशिक्षणाखाली मिळवली.

माझ्या दृष्टीने तुझ्यासाठी अधिक उपयोगाचे उदाहरण ब्रोडी मेरिलचे आहे. कॅनडातील ऑरेंजव्हिलचा हा मुलगा जॉर्जटाउन विद्यापीठात शिकला आणि पुढे चाळिशीपर्यंत खेळत राहिला. 2006 आणि 2014 साली अमेरिकेला हरवून जगज्जेत्या ठरलेल्या कॅनडाच्या दोन्ही संघांत तो होता. उन्हाळ्यात तो मैदानावर बचावपटूच्या लांब काठीने खेळे, तर हिवाळ्यात बंदिस्त रिंगणातील बॉक्स लॅक्रोसमध्ये, जिथे लांब काठी चालत नाही, तिथे आखूड काठीने. 2006 साली बॉक्सच्या नॅशनल लॅक्रोस लीगमधील सर्वोत्तम नवोदित तोच होता. शिवाय त्याच्या कुटुंबाने ओन्टारिओत ‘द हिल अकॅडमी’ ही शाळा काढली आणि तिथे त्याने मुलांना शिकवले. दोन हंगाम आणि एक शाळा, या तिन्हींचा मिळून त्याचा संसार उभा राहिला, असे मी समजतो.

आता हिशेब, कारण तो मीच मांडणार हे तुला ठाऊक आहे. तुझ्या प्रीमियर लीगमध्ये आठ संघ आहेत आणि गेल्या काही वर्षांत ड्राफ्टच्या फेऱ्या चारच असतात. म्हणजे वर्षाला बत्तीस जण, आणि त्यांत आक्रमक, मध्यपटू, गोली, फेसऑफवाले (खेळ सुरू होताना चेंडू झगडून मिळवणारे) असे सगळे. संघाच्या वाट्याला साखळीतले दहा सामने येतात, तेही बहुतेक उन्हाळ्यातल्या आठवड्याअखेरीस. उरलेले वर्ष तुला दुसऱ्या कामाने भरावे लागेल, आणि ते काम कोणते याचा विचार ड्राफ्टच्या आधी व्हावा, नंतर नव्हे, एवढाच माझा आग्रह आहे.

दुसरी गोष्ट मुंबईची. 16 ऑक्टोबर 2023 रोजी तिथेच भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात 2028 च्या लॉस एंजेलिस स्पर्धेसाठी क्रिकेट आणि लॅक्रोस एकाच ठरावात मंजूर झाले. काकांनी फोन केला तो अर्थातच क्रिकेटच्या आनंदात. लॅक्रोसचे मीच त्यांना सांगितले, आणि तो काय प्रकार आहे हे समजावताना अर्धा तास गेला. परंतु तिथे खेळला जाणार आहे तो सहा जणांचा प्रकार: लहान मैदान, आठ मिनिटांचे चार डाव, फटका मारायला तीस सेकंद, आणि गोली सोडून प्रत्येकाने आक्रमणही करायचे, बचावही. त्यात गोली सोडून सगळ्यांच्या हातात आखूड काठ्या असतात. माझ्या उंचीहून लांब असलेली तुझी बहात्तर इंची काठी तिथे नेताच येणार नाही. तुझे पाय मात्र नेता येतील, आणि तुझी खरी कमाई तीच आहे असे त्या पालकाने मला फार पूर्वी दाखवून दिले होते.

म्हणून ड्राफ्टला माझी हरकत नाही. फक्त या सत्रात प्रशिक्षणाचे एखादे साहाय्यक काम मिळते का ते पाहा, आणि आखूड काठीने भिंतीवर चेंडू मारण्याचा सराव दोन्ही हातांनी पुन्हा सुरू कर. तू शाळेत मध्यपटू असतानाची काठी गॅरेजमध्ये आहे. सुट्टीत येशील तेव्हा काढून ठेवीन. तिची जाळी उसवली आहे, ती मात्र तुलाच विणावी लागेल.

तुझा,
बाबा