आई, तू मिटलेलं पान

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

मागच्या खेपेला कपाटातून शिवाजी सावंतांची कर्णावरची कादंबरी, ‘मृत्युंजय’, उचलून आणलं होतं, ते गेल्या आठवड्यात वाचून संपवलं. याआधी वाचलं तेव्हा मी नववीत होते. आता चाळिशी उलटली. वाचून झाल्यापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय, पण फोनवर हा विषय निघाला की गोळ्या घेतल्यात का, झोप लागते का यावरच बोलणं येऊन थांबतं. म्हणून लिहितेय.

आई, आधी तुझ्याशी. तू हे पुस्तक द्यूतसभेपाशी मिटलं होतंस. “पुढे माझ्याच्यानं वाचवत नाही,” म्हणालीस. मी तेव्हा कर्णाच्या प्रेमात आकंठ बुडालेली. “तुला कादंबरीतलं काही कळत नाही,” असं मी तुला फाडकन बोलले, आणि तू काही न बोलता विणायला घेतलंस. तुझ्या लोकरीचा हिरवा धागा त्या पानांत अजून तसाच आहे. रंग विटलाय, पण कागदावर त्याची बारीक रेघ उमटलीये. त्या पानाशी आले आणि मला पुढे जाता येईना.

तुला काय खुपलं होतं ते मला आत्ता दिसलं. या कादंबरीत सहा जण आपापली बाजू सांगतात. कर्ण तर पुन्हा पुन्हा बोलतो. कुंती, दुर्योधन, कर्णाचा भाऊ शोण, बायको वृषाली बोलतात, शेवटी कृष्णसुद्धा. जिला भर सभेत ओढून आणलं, ती द्रौपदी तेवढी बोलत नाही. तिच्या वाट्याला एकही प्रकरण नाही. सगळं तिच्यावर गुदरतं आणि आपल्याला ते दुसऱ्यांच्या तोंडून कळतं. नववीत हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. तुझ्या आलं होतं, फक्त तू ते असं मोजून मांडलं नाहीस.

बाबा, तुम्ही नेहमी म्हणायचात की स्वयंवरात तिनं ‘सूताला वरणार नाही’ म्हटलं, तो घाव त्याच्या जिव्हारी लागला होता. मीही तेच धरून होते. पण पोथ्या ताडून भांडारकर संस्थेनं काढलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत तो नकार मूळ संहितेत घेतलेलाच नाही. काही पोथ्यांतला जादा पाठ म्हणून तो बाजूला काढलाय. आदिपर्व १९३३ मध्येच छापून झालं होतं, कादंबरी आली १९६७ साली. सभेत कर्ण द्रौपदीला ‘बंधकी’, म्हणजे वेश्या, म्हणतो, ते मात्र संहितेत आहे. म्हणजे ज्या अपमानाचं कारण आपण पुढे करत आलो तेच डळमळीत, आणि त्यानं केलेला अपमान पक्का. कादंबरीकारानं कुठला पाठ घ्यावा हा त्याचा अधिकार, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला वाईट वाटलं ते एवढ्याचंच, की कर्णाला सोडवण्यासाठी आपण आईला गप्प केलं. त्याच १९६७ साली इरावतीबाई कर्व्यांचं महाभारतातल्या माणसांवरचं ‘युगान्त’ही आलं. त्यात कर्णाला अशी सूट नाही. आई, तू ते वाचलं नसशील तर मी पाठवते.

आता बाबा, तुमच्याशी. तुमच्या पेन्सिलीच्या खुणा मी पहिल्यांदाच नीट पाहिल्या. माझ्या समजुतीनुसार तुम्ही दानाच्या, शौर्याच्या जागा अधोरेखित केल्या असणार. तिथे माझ्याच निळ्या पेनच्या रेघा आहेत, शेजारी तीन-तीन उद्गारचिन्हं. तुमची पेन्सिल आहे ती ‘अधिरथ’ या नावाखाली. जिथे जिथे तो रथ हाकणारा बाप येतो, तिथे समासात एक छोटीशी उभी रेघ, दुसरं काही नाही.

तुम्ही तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्यात. माझ्या पहिल्या मुलाखतीत एका साहेबांनी “वडील काय करतात?” विचारलं आणि उत्तर ऐकून फाईल मिटली. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, आज सांगतेय. शस्त्रस्पर्धेच्या रिंगणात उतरलेल्या कर्णाला कृपाचार्य कुळ विचारतात, ते वाचताना मला ते टेबल आणि ती फाईल जशीच्या तशी दिसली. त्या पानावर मी रडले बाबा, आणि चाळिशीत रडले. वर्णनं आता मला लांबतात. सूर्याच्या उपमा एकामागून एक येतात. ज्या मी वहीत उतरवून घेतल्या होत्या, त्यातल्या कितीतरी या वेळी डोळ्यांखालून नुसत्या घातल्या. पण तो एक प्रश्न आला की पुस्तक अजूनही गळा धरतं. ते तुम्ही माझ्या आधी ओळखलं होतंत.

जाता जाता माधवराव पेशव्यांवरची रणजित देसाईंची कादंबरी, ‘स्वामी’सुद्धा चाळलं. आई, ते तुझं लाडकं. तू माधवराव-रमेचे प्रसंग आम्हाला तोंडपाठ सांगायचीस. माधवराव सत्ताविसाव्या वर्षी गेले आणि रमाबाई त्यांच्या मागे सती गेल्या, हा इतिहासच आहे, तो कुणी बदलू म्हणत नाही. पण त्या शेवटाशी तुझे डोळे भरून यायचे, आणि मला या वेळी ते सहन झालं नाही. तुला द्रौपदीचं गप्प राहणं टोचलं, मग रमेचं जाणं कसं नाही टोचलं? हे मी भांडायला विचारत नाहीये गं. तुझं उत्तर मला खरंच ऐकायचंय. तू तेव्हा त्यात काय बघत होतीस?

पुढच्या महिन्यात येतेय. पुस्तक परत आणीन, धागा होता तिथेच आहे. बाबांना आता बारीक टाईप दिसत नाही, म्हणून त्या पानापासून पुढे मी मोठ्यानं वाचीन. आई, तेव्हा तू उठून आत जाऊ नकोस. नाही पटलं तर मला तिथेच थांबव आणि बोल. बाबा आणि मी, दोघंही ऐकू.

तुमची,
लेक