राजापूरच्या गुरुजींना, हेरांच्या प्रदर्शनासाठी

गुरुजी, नमस्कार,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच विषय बदलता म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. शिवजयंतीला हेरखात्यावर प्रदर्शन करायचं मंडळात ठरलं तेव्हा आमच्या हातात बहिर्जी नाईकांचं नाव आणि वेषांतराच्या ऐकीव गोष्टी एवढंच होतं, बाकी सगळं तुम्ही दिलंत, तेही देवगडच्या कुठल्यातरी अनोळखी पोराने फोन केला म्हणून.

जे कागदात आहे ते एका बोर्डावर आणि जे ऐकीव आहे ते वेगळ्या, ही तुमची पहिली अट. सभासद बखरीत बहिर्जी येतात ते जासूदांचे, म्हणजे हेरांचे, नाईक म्हणून, त्यांच्या हातचं काही आपल्यापर्यंत आलेलं नाही, आणि जासूदाचं कसं येणार! त्यांच्या खात्याचं काम दिसतं ते जानेवारी १६६४ ला सुरतेत. एवढ्या लांब जाऊन महाराजांची फौज नेमकी वीरजी व्होरा, हाजी सैद बेग असल्या बड्या व्यापाऱ्यांच्या घरांवर जाते आणि सुरतेचा मुघल अंमलदार इनायत खान किल्ल्यात दडून बसतो, म्हणजे शहर आधीच कोणीतरी गल्लीबोळासकट बघून ठेवलेलं असणार.

पण मला सगळ्यात आवडला तो तुमच्या गावचा बोर्ड. १६६० ला आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने पन्हाळा वेढला तेव्हा राजापूरच्या इंग्रज वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन तोफगोळे घेऊन जौहरच्या मदतीला गेला, वर स्वतःचं निशाण पण लावलं, मग १६६१ ला महाराजांनी राजापूर गाठलं, वखार लुटली आणि रेव्हिंग्टन कैदेत. आणि गंमत बघा, हेच वखारवाले स्वतःपण बातम्याच गोळा करायचे, फौज कुठे चाललीय, कोणी कुठलं बंदर घेतलं, सगळं पत्रांतून सुरतेला कळवायचे, आणि आज महाराजांच्या कितीतरी हालचालींच्या तारखा आपण शत्रूच्या त्याच पत्रांवरून लावतो. हे तुम्ही ज्या तळमळीने समजावलंत ना, पोरं जेवायची थांबली होती.

शेवटचा बोर्ड मुरगाव बंदराचा, ९ मार्च १९४३. दुसरं महायुद्ध चालू, गोवा पोर्तुगीजांचा म्हणजे तटस्थ, तिथे अडकलेलं एरेनफेल्स हे जर्मन जहाज वायरलेसवरून पाणबुड्यांना खबर देतंय असा ब्रिटिशांना संशय, म्हणून कलकत्ता लाइट हॉर्स या ब्रिटिशांच्या राखीव पलटणीचे वय झालेले लोक रात्री त्यावर चढले. तो आमच्या तांडेलांनी दोन-दोनदा वाचला.

बोर्ड आता हायस्कूलने मागून घेतलेत. पोरांना मोडी शिकायचीय गुरुजी, मे महिन्यात याच, गाडी पाठवतो, राहायची सोय आमच्या घरी.

तुमचा,
मंडळातला एक कार्यकर्ता