झटके कमी झाले नव्हते

महोदय,
टाळेबंदीत हृदयविकाराचे झटके कमी झाले, असे सांगणारे आजही भेटतात. धावपळ नाही, धूर नाही, घरचे जेवण. म्हणून म्हणे हृदय खूश! घटली होती ती रुग्णालयातली नोंद. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या १८७ रुग्णालयांतील पाहणीत १५ मार्च ते १५ जून २०२० दरम्यान झटक्याचे दाखल रुग्ण आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी कमी भरले. इटलीत मार्चमधल्या एका आठवड्यात ही घट ४८ टक्के होती आणि जे पोहोचले त्यांतही, धमनी पूर्ण बंद होणाऱ्या गंभीर झटक्यात, दगावण्याचे प्रमाण ४.१ वरून १३.७ टक्क्यांवर गेले.

बाकीचे कुठे गेले, हे आमच्या शेजारच्या काकांकडे पाहून कळते. रात्री छातीत कळ आली. ‘पित्त असेल,’ म्हणत ओवा चघळत बसले. खरी धास्ती होती कोविड वॉर्डाची आणि नाक्यावरच्या पोलिसांची. दुसऱ्या दिवशी दुपारी नेले. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या काही तासांतच नीट लागू पडते. ती वेळ केव्हाच टळून गेली होती. काका वाचले, पण आता एक जिना चढताना दोनदा थांबतात.

साथ पुन्हा आलीच, तर ‘घरीच राहा’च्या जाहिरातीत ‘छातीत दुखले तर मात्र लगेच १०८ला फोन करा’ एवढी एक ओळ सरकारने घालावी. तीही ठळक अक्षरांत.

— एक वाचक, कराड