थांबणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

वयानं तुम्ही माझ्या थोरल्या लेकीएवढ्या असाल. पण जिचे व्हिडिओ बघून शिकले तिला नुसत्या नावानं हाक मारणं मला जमायचं नाही, म्हणून ताईच म्हणते. मी सोलापूरची. कडक भाकरी करून विकते. शाळा नववीपर्यंत झाली. इंग्रजी अक्षरं लावता यायची, पण लावलेल्या अक्षरांचा अर्थ लागायचा नाही.

२०२३ च्या आषाढात आमचे हे गेले. यंत्रमागावर होते, वय ५१. दिवसकार्य आटोपल्यावर मी पासबुक घेऊन बँकेत गेले. मे महिन्यात खात्यातून ४३६ रुपये गेलेले दिसत होते आणि शेजारी इंग्रजी अक्षरांची रांग. हे पैसे कसले, एवढंच विचारायचं होतं. काउंटरवरचे साहेब मान वर न करता म्हणाले, "लिहिलंय ना तिथं, वाचा." मागच्या माणसानं माझ्या खांद्यावरून हात पुढं घातला आणि मी बाजूला झाले. वाचता आलं असतं तर विचारायला गेले असते का हो?

मग इंग्रजीचा क्लास लावला. तीन हजार रुपये भरले. तीन हजारात किती भाकऱ्या थापाव्या लागतात ते माझ्या मनगटाला माहीत. तिथं पहिला आठवडाभर विमानतळावर कसं बोलायचं ते चाललं होतं. मी म्हटलं, सर, बँकेच्या कागदावरचे शब्द कधी घ्याल? एक शब्द मी वहीत उतरवून नेला होता. उभं राहून वाचला, "डेब्ट". वर्ग हसला. सरही हसले. बरोबर काय ते मात्र कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी गेले नाही.

लेकीनं तुमचा व्हिडिओ लावून दिला तो नवरात्रात. पैशाच्या गोष्टी सांगत सांगत इंग्रजी शब्द शिकवता, म्हणून. आणि नेमका तोच शब्द आला. तुम्ही म्हणालात, याचा उच्चार 'डेट', अर्थ कर्ज. शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात 'ब' नव्हताच. पुढं पंडितांनी लॅटिन शब्दाकडे बघून तो घुसडला. लिहिण्यात राहिला, बोलण्यात कधी आलाच नाही. "तेव्हा कुणी 'डेब्ट' म्हणालं तर तो माणूस लिहिलंय तसं प्रामाणिकपणे वाचतोय," असं तुम्ही म्हणालात. ताई, मी फोन उलटा ठेवला आणि तोंडावर पदर घेऊन बसले.

पण हे पत्र त्या वाक्यासाठी नाही. तुम्ही शब्द तीनदा म्हणता, मग म्हणता, "आता तुम्ही म्हणा." आणि थांबता. मध्ये गाणं वाजत नाही, दुसरं चित्र येत नाही. तुम्ही नुसत्या समोर बघत राहता, समोर खरंच कुणी बसलंय आणि ते आता बोलणार आहे अशा. लेक म्हणाली, आई, फोन अडकला वाटतं. अडकला नव्हता. पहिल्या रात्री मी मनातल्या मनात म्हटलं. दुसऱ्या रात्री ओठ हलवले. तिसऱ्या दिवशी पहाटे काटवटीत पीठ मळता मळता मोठ्यानं म्हटलं, आणि तुम्ही पलीकडून मान हलवलीत. मी बोलेपर्यंत कुणी वाट बघितली असं किती वर्षांत झालं नव्हतं.

पुढं शब्द येत गेले. देणाऱ्याचं 'लेंड' आणि घेणाऱ्याचं 'बॉरो', हे तुम्ही वाटीभर साखरेच्या हातउसन्यावर समजावलंत. 'क्रेडिट'च्या मुळाशी विश्वास ठेवणं आहे हे ऐकलं आणि आपला 'पत' शब्द आठवला. 'मॅच्युरिटी' म्हणजे लेकीच्या पुस्तकात समंजसपणा, बँकेत मात्र ठेव पिकणं.

आणि दिवाळीच्या आधी 'प्रीमियम', 'रिन्युअल', 'नॉमिनी' असे विम्याचे शब्द आले. उदाहरण म्हणून तुम्ही प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना घेतलीत. वर्षाला ४३६ रुपये, मे अखेरीस खात्यातून आपोआप जातात, माणूस गेला तर घरच्यांना २ लाख. मी उठून ट्रंक उघडली. जुनी पासबुकं काढली. दर मे महिन्यात तीच अक्षरं, आकडा ३३०. मग हप्ता वाढला तसा ४३६. किती वर्षं हा माणूस गुपचूप भरत होता आणि मला एका शब्दानं बोलला नव्हता. नॉमिनी म्हणून माझं नाव होतं.

पुढचे कागद आणि खेटे सांगत बसत नाही. पैसे मिळाले. लेकीची नर्सिंगची फी भरली, सावकाराचं देणं फेडलं, उरलेले ठेवीत टाकले. पण खरं सांगू, मला त्या रकमेइतकंच मोलाचं हे वाटतं की त्यांनी माझ्यासाठी काय करून ठेवलं होतं ते मला कळलं. ते कळल्याशिवायच मी म्हातारी झाले असते.

माझ्या सासूबाई सांगायच्या, त्यांच्या गावचा पोस्टमन मनीऑर्डर आणली की आधी ओट्यावर बसायचा, मजकूर दोनदा वाचून दाखवायचा, समजलं का विचारायचा आणि मगच अंगठा घ्यायचा. उन्हातान्हात सायकल मारत आलेला माणूस, पुढं दहा घरं बाकी. तरी बसायचा. त्याला कुणी पगार वाढवून दिला नसेल. अशी माणसं असतात म्हणून आमच्यासारख्यांचं चालतं. एसटीत म्हातारी चढेपर्यंत घंटी न देणारा कंडक्टर असतो, सुट्टे पैसे मोजेपर्यंत न खेकसणारा दुकानदार असतो. तुम्ही त्यांच्यातल्या. आणि तुम्हाला तर समोर कोण आहे ते दिसतही नाही.

परवाचं सांगते आणि थांबते. पीठ मळायच्या मशीनसाठी कर्ज काढलं. तुमच्याच व्हिडिओत ऐकलं होतं की १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, 'की फॅक्ट स्टेटमेंट', कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावा लागतो. बँक तीच. मी ते तीन शब्द इंग्रजीत म्हणाले आणि कागद मराठीत मागितला. साहेबांनी या वेळी मान वर केली. कागद आला. त्यांनी पेन पुढं केलं, सही कुठं करायची तिथं बोट ठेवलं. मागं रांग होती.

मी म्हटलं, "थांबा. वाचते."