त्या डाव्या बाहीबद्दल, ताई

प्रिय ताई,

स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरच्या स्ट्रॉमनेस बंदराच्या धक्क्यावर तुम्हाला फेरी गाठायची घाई होती आणि माझा गळा दाटून आला होता. त्या गडबडीत नुसतं 'थँक यू' म्हटलं गेलं. तेवढ्याने माझं समाधान झालेलं नाही, म्हणून हे पत्र लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता यावं असं लिहितेय.

मी डायव्हिंग शिकले तारकर्लीच्या कोमट पाण्यात. इंग्लंडला आल्यावर एका क्लबात ड्रायसूट, म्हणजे आत पाणी येऊ न देणारा डायव्हिंगचा सूट, वापरायला शिकले. तिथे दरवेळी माझी डावी बाही कोपरापर्यंत भिजायची. पाणी अंगातली ऊब हवेच्या साधारण 25 पट वेगाने ओढून नेतं. थोड्याच वेळात बोटं वळेनाशी होतात, सुटात हवा भरायचं बटण दाबलं गेलं की नाही हेही कळत नाही. तक्रार केली की उत्तर ठरलेलं असायचं: थंडी सगळ्यांनाच वाजते. एकाने तर चारचौघांत सांगितलं, तू आपली गोव्यातच डाइव्ह कर. मीही हळूहळू मानायला लागले होते की हे आपल्याला झेपणारं नाही. सूट हातात घेऊन बघावा असं मात्र तिथे एकालाही वाटलं नाही.

तुम्ही बघितलात. बोट 'क्योल्न' या बुडालेल्या जर्मन क्रूझरच्या जागेवर पोचत आली होती, वारा बोचत होता. "डाव्या हाताला पाणी येतं" एवढंच मी बोलले. तुम्ही हातमोजा दातांत धरून काढलात, माझं मनगट उजेडाकडे वळवलंत आणि रबरी सीलच्या कडेखाली बोट घालून सावकाश फिरवलंत. आतल्या लोकरी कपड्याची बाही नखाएवढी सीलखाली आली होती. वातीतून तेल चढावं तसं पाणी तिच्यातून आत चढत होतं. तुम्ही ती वर सरकवलीत, सील कातडीवर सपाट बसवलंत, मग न सांगता उजवा हातही तपासलात. म्हणालात, "आता बघ. आणि वर यावंसं वाटलं तर अंगठा दाखव, कारण विचारणार नाही."

ताई, हात कोरडा राहिला!

दोर धरून हिरव्या पाण्यात उतरताना पहिल्यांदाच माझं लक्ष बोटांकडे नव्हतं. वीस मीटरच्या पुढे क्रूझरची बाजू दिसायला लागली. उजव्या कुशीवर पडलेलं जहाज, उभा झालेला डेक, जाड चिलखती मनोरा, आणि सगळ्यावर पांढरी-केशरी समुद्रफुलं. हे जहाज लढाईत बुडालेलं नाही, हे मला वाचून ठाऊक होतं. पहिल्या महायुद्धाच्या शस्त्रसंधीनंतर जर्मन आरमाराची 74 जहाजं इथे, स्कापा फ्लोमध्ये, अडकवून ठेवली होती. ती ब्रिटिशांच्या हाती लागू नयेत म्हणून 21 जून 1919 रोजी अॅडमिरल फॉन रॉयटर यांनी ती बुडवायचा हुकूम दिला, खलाशांनी स्वतःच झडपा उघडल्या आणि 52 जहाजं तळाला गेली. महायुद्ध थांबून सात महिने झालेले असताना त्या दिवशी नऊ जर्मन ब्रिटिशांच्या गोळ्यांना बळी पडले. तिथे खाली मी त्या माणसांचा विचार करू शकले. भिजलेल्या बाहीने मला तेही करू दिलं नसतं.

तुमच्याकडे महागडी सामग्री होती, अनुभव तर होताच. पण मला आठवतं ते तुमचं उघडं, गारठून लाल झालेलं बोट. समोरची बाई खरं बोलतेय असं धरून चालणारी माणसं मला फार थोडी भेटली आहेत. अशी माणसं जिथे असतील तिथे नवखाही टिकतो. पाण्यातच काय, दवाखान्यात आणि कचेरीतही.

आता मी दुसरीकडे खोल डाइव्हिंगचं शिक्षण सुरू केलंय. त्याच आरमाराची युद्धनौका 'मार्कग्राफ' बघायची इच्छा आहे. ती 45 मीटरवर उलटी पडली आहे, म्हणजे तयारीला वेळ लागेल. तेव्हा बडी, म्हणजे पाण्यातली जोडीदार, म्हणून तुम्ही यावं असं फार वाटतं. आणि हो, बोटीवर तुम्ही कुळथाच्या पिठीची आठवण काढली होतीत. आईने मालवणहून पीठ पाठवलंय. पत्ता कळवा, या आठवड्यात पोस्टाने पाठवते.

तुमची,
डाव्या बाहीवाली