फरशीवर आडवे झालेल्या काकांना

काका,

काल नवरात्रातला कार्यक्रम संपला, मी ड्रमच्या पेडलवरून पाय काढला आणि नडगी दुखत नव्हती. सात वर्षांत पहिल्यांदा. झोप लागेना म्हणून लिहायला बसलो. समोर बोललो असतो तर तुम्ही "बस रे" म्हणून उडवून लावलं असतंत, म्हणून हे चारचौघांत.

सात वर्षं मी फक्त ऐकून घेत होतो. क्लासला दर महिन्याला फी भरायचो, तिथले सर म्हणायचे, "तुझा पायच जड आहे." दुसऱ्या एकांनी दोन्ही पायांनी वाजवायचं डबल पेडल घ्यायला लावलं. उसने पैसे काढून घेतलं, तर आता दोन्ही पाय आखडायला लागले! बाकी सगळ्यांचं पालुपद एकच, प्रॅक्टिस वाढव. वाढवत होतो की. चूक पक्की करत होतो.

तुम्ही तालमीला आलात ते भाच्याला सोडायला. माझं नावही विचारलं नाहीत. एक गाणं ऐकलंत आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस भिंतीला धरत धरत फरशीवर बसलात. मग चक्क आडवे झालात. केबल, धूळ, कुणाच्या तरी चपला, त्यात गाल जमिनीला टेकवून माझ्या टाचेकडे बघत राहिलात. "वाजव, थांबू नको." थोड्या वेळानं तळहात नडगीवर ठेवलात. "दगड झालाय रे. ड्रमवर आपटणारा तो पेडलचा बीटर आत रुतवून धरतोस तू. ढोलकीवर दर थापेला हात दाबून ठेवतो का कुणी?"

मुद्दाम दाबून वाजवणारेही असतात, तो त्यांचा आवाज. माझं नकळत होत होतं. बीटर उसळून परत येतो, पुढचा ठोका त्या उसळीवर घ्यायचा, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. कारण सात वर्षांत माझ्या पायाकडे कुणी वाकून बघितलंच नव्हतं.

बाकीचं तुम्ही दहा मिनिटांत उरकलंत. स्टूल दोन बोटं वर. वेगाच्या हव्यासानं मी ताणून ठेवलेली पेडलची स्प्रिंग सैल. जोर हवा तेव्हा टाच उचलून अख्खा पाय सोडायचा, वेग हवा तेव्हा घोट्यातून. आणि डबल पेडलकडे बघून हसलात, "१९६९ साली आलेल्या लेड झेपलिन बँडच्या पहिल्या रेकॉर्डवर त्यांच्या ड्रमर बॉनहॅमनं एका पेडलवर ते तिहेरी ठोके काढले. तुला दोन कशाला?"

ताल धरून देणारा मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून सुरुवात केली तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. काल ११० ला जोडठोके शेवटपर्यंत टिकले, आणि मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेले.

पैशांचं विचारलं तर "चहा पाज" म्हणालात. अशी माणसं अजून आहेत, आणि त्यांच्या दारावर क्लासची पाटी नसते.

रविवारी तालीम आहे. डावा पायही बघायचा राहिलाय. येताना सतरंजी आणतो, फरशी फार गार असते.

तुमचा,
ड्रमवाला