४१२ नंबरच्या दोन पुड्या

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या विभागातल्या कवकांच्या, म्हणजे वाळवलेल्या बुरशी-भूछत्रांच्या, संग्रहातल्या शेवटच्या पुडीचा फोटो काढून झाला. नोंद तपासली, कपाट बंद केलं आणि सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव तुमचंच आलं. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा निरोप समारंभात मी तुमच्याबद्दल दोन मिनिटं बोलले होते. प्रयोगशाळा सांभाळण्यापलीकडे तुम्ही काय सांभाळत होतात, याची मला तेव्हा कल्पनाच नव्हती. ते राहून गेलेलं बोलणं आज या पत्रात लिहिते आहे, आणि सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडपणे लिहिते आहे.

मी तुम्हाला फोन केला होता तो फक्त या संग्रहाच्या कपाटांच्या किल्ल्यांसाठी. किल्ल्या कुठे आहेत ते तुम्ही सांगितलंत आणि लगेच म्हणालात, "डावीकडच्या कपाटाला हातमोजे घातल्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नका." पूर्वी नमुन्यांना कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराईडचं द्रावण लावायची पद्धत होती. त्यातला विषारी पारा कागदात वर्षानुवर्षं टिकून राहतो. आमच्या एकाही रजिस्टरात त्याची नोंद नव्हती. त्या दिवशी तुमचा फोन लागला नसता तर मुलांनी त्या पुड्या उघड्या हातांनी उघडल्या असत्या. हा विचार आजही माझ्या मनातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःच आलात आणि मग येतच राहिलात.

उजवीकडच्या कपाटात भुंगेऱ्यांनी लाकडावरची जाड कवकं आतून पोखरली होती. पुडी हलवली की तपकिरी भुकटी गळायची. आम्ही सगळं घट्ट पिशव्यांत भरून आठवडाभर उणे २० अंशांवर ठेवलं. मधे थोडे दिवस सोडून पुन्हा एक फेरी केली, म्हणजे पहिल्या फेरीत तगलेल्या अंड्यांतून अळ्या निघाल्याच तर त्याही मराव्यात. पिशव्या बाहेर काढल्यावर मुलांना उघडायची घाई होती. तुम्ही टेबलापाशी खुर्ची टाकून बसलात आणि पिशव्या खोलीच्या तापमानाला येईपर्यंत एकालाही हात लावू दिला नाहीत. थंड नमुन्यावर हवेतली वाफ दवासारखी धरते आणि कोरड्या कवकाला तेवढी ओल पुरते, हे त्या मुलांना तिथेच कायमचं कळलं.

पण मला सांगायची आहे ती ४१२ ची गोष्ट. या नंबरच्या दोन पुड्या निघाल्या. एकीत तांबेरा हा बुरशीचा रोग पडलेलं पान, दुसरीत झाडाच्या खोडावरचं कवक. रजिस्टरात ४१२ समोर तिसरंच नाव. मी दोन्ही पुड्या "संशयास्पद" म्हणून बाजूला टाकणार होते. तुम्ही त्या खिडकीपाशी नेल्यात आणि चिठ्ठ्यांवरच्या तारखा दाखवल्यात. एकीवर महिना रोमन आकड्यात होता, दुसरीवर साध्या. "रोमन आकडा घालणारे सर वेगळे. ते आपल्या वहीतला नंबर टाकायचे. दुसरा नंबर बाईंच्या वहीतला. संग्रहाचा नंबर पुडीच्या आत, घडीवर असतो." पुडी उलगडली, तर आतल्या घडीवर पेन्सिलीने पुसट लिहिलेला नंबर होता आणि तो रजिस्टरशी तंतोतंत जुळला. ज्याने नमुना गोळा केला त्याचा क्रमांक आणि संग्रहाचा नोंद क्रमांक या दोन गोष्टी आम्ही एकच समजत होतो. तशाच संगणकात भरल्या असत्या, तर हे घोटाळे सुबक तक्त्यात कायमचे बसले असते आणि पुढे कुणालाही शंका आली नसती.

सरांची ती वही सूक्ष्मदर्शकांच्या रिकाम्या पेट्यांमागे सापडली, तीही तुम्हालाच. भूछत्र वाळलं की त्याचा रंग जातो, आकार आक्रसतो, वास उडतो. पुडीत उरतो तो सुरकुतलेला तुकडा. वहीत मात्र लिहिलं होतं: "टोपी फिकट पिवळी. कापल्याबरोबर निळी पडते." दुसऱ्या एका नोंदीत: "वास ओल्या पिठासारखा." ज्या दिवशी ते उगवलं त्या दिवसाचं हे वर्णन होतं, आणि ते दुसरं कुठेही नव्हतं. ती पानं वाचताना मला भरून आलं होतं.

प्रत्येक चिठ्ठी जशी आहे तशी, चुकीच्या शुद्धलेखनासकट उतरवायची, आपला अर्थ शेजारच्या रकान्यात लिहायचा, हा नियम आम्ही केला. तो शेवटपर्यंत पाळला गेला तो तुमच्या आग्रहामुळे. जुन्या नावांचंही तसंच. २०११ मध्ये मेलबर्नला भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत एका कवकाला एकच नाव ठेवायचं ठरलं. त्याआधी एकाच कवकाच्या लैंगिक आणि अलैंगिक अवस्थांना वेगवेगळी नावं चालत. त्यामुळे आमच्या बऱ्याच पुड्यांवरची नावं आता बदलली आहेत. "जुनं खोडायचं का?" असं एका मुलीने विचारलं, तेव्हा मी उत्तर द्यायच्या आत तुम्ही म्हणालात, "नवी चिठ्ठी शेजारी लावायची. आधीच्या माणसाने काय ओळखलं होतं तेही दिसलं पाहिजे."

त्या मुलीला मी नंतर बटाट्याच्या करप्याचं उदाहरण दिलं. आयर्लंडमध्ये १८४५ पासून पिकं बुडवणारा तो रोगजंतू खऱ्या कवकांत मोडत नाही, पण जुन्या संग्रहांत तो कवकांबरोबरच ठेवलेला असतो. एकोणिसाव्या शतकात वाळवून ठेवलेल्या रोगट पानांतून त्याचा डीएनए काढून २०१३ मध्ये संशोधकांनी दाखवलं, की ती साथ रोगजंतूच्या ज्या वाणाने आणली तो पुढे फार पसरलेल्या त्याच्या दुसऱ्या वाणाहून वेगळा होता. पानं जपणाऱ्यांना डीएनए हा शब्दही ठाऊक नव्हता. त्यांनी पान ठेवलं, ठिकाण लिहिलं, तारीख लिहिली. आमच्या तांबेऱ्याच्या, भुरीच्या, काणीच्या पुड्यांमधून उद्या कोण काय काढेल ते आज सांगता येत नाही, पण काढायला येणाऱ्याला त्या आता सापडतील. फोटोत पट्टी आहे, रंगांचं कार्ड आहे, चिठ्ठी वाचता येते, आणि पुडीवरचा बारकोड थेट तिच्या नोंदीपाशी नेतो.

काका, या कामासाठी तुम्हाला कुणी नेमलं नव्हतं. मानधन द्यायचं आम्ही दोनदा बोललो आणि दोन्ही वेळा तुम्ही विषय बदललात. निदान एवढं तरी केलं आहे: प्रत्येक नोंदीत "क्रमांक कुणी जुळवला" असा एक रकाना आहे, आणि त्यात जिथे जिथे तुम्ही होतात तिथे तुमचं नाव आहे. माझं मोठं मन म्हणून ते लिहिलेलं नाही. पुढच्या अभ्यासकाला ते कळायला हवं.

बिनचिठ्ठीच्या पुड्यांचा खोका मी टाकलेला नाही. तुम्ही सांगितलं होतंत तसा तो तिसऱ्या कपाटात, खालच्या फळीवर ठेवला आहे. दोन पुड्यांच्या घडीत मला पेन्सिलीच्या खुणा दिसतात, पण आकडा लागत नाही. सकाळच्या उजेडात एकदा बघाल का?

आपली कृतज्ञ,
वनस्पतिशास्त्र विभागातली तुमची सहकारी